बदकांचा पट्टा

ऑग्लट्री कॉलेज, साउथ कॅरोलायना
२८ सप्टेंबर १९८२

प्रिय हॅटी,

महिनाभर पत्र लिहायचं टाळलं, कबूल. आधी म्हटलं खोली लागू दे, मग म्हटलं ऊन उतरू दे, आणि गेल्या आठवड्यापासून तर मला बसताच येत नाहीये. हे पत्रही खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितोय. का ते सांगतो, पण आधी बूट.

माझे होडीवरचे बूट आठवतात ना? तळ सुटला म्हणून चंदेरी चिकटपट्टी गुंडाळलेले? मेन राज्यातल्या कॉलेजात त्या चिकटपट्टीचं केवढं कौतुक झालं होतं! इथे पहिल्याच दिवशी माझ्या खोलीतला रोलंड टिस्डेल बुटांकडे बघून हळूच म्हणाला, “तुमच्या घराला आग वगैरे लागली होती का रे?” थट्टा नाही, खरी काळजी. चार दिवसांनी त्याच्या आईचं पार्सल आलं. पाच कोरे शर्ट, नवा पायजमा, वर चिठ्ठी: “विन्स्लो बाळा, लाजू नकोस.” मी हसून लोळलो. मग वाटलं, या बाईला कसं सांगू की आमच्याकडे कॉलर विरलेली नसली तर माणूस कालपरवा श्रीमंत झाला असं समजतात!

यंदा सगळा देश आपल्यासारखे, म्हणजे जुन्या खानदानी शाळांतल्या पोरांसारखे कपडे घालायला निघालाय. पण ते ‘आपल्यासारखे’ म्हणजे नेमके कुणासारखे? कॅलिफोर्नियात एक सत्र काढलं तेव्हा तिथली पोरं हाच शर्ट, हीच कॉलर, पण बटणं उघडी आणि खिशात वाळू अशी हिंडायची. तिथे एका मुलीने मला पोहायला... ते राहू दे. इथे दक्षिणेत अर्ध्या चड्डीलासुद्धा इस्त्री लागते. गुलाबी विजार, पिवळा बो टाय, त्याची गाठ स्वतःच मारायची. पांढऱ्या-निळ्या रेघांचा सुती कोट सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर घालायचा नाही. मिसुरीहून आलेल्या एका पोराने मंगळवारी घातला. त्याला कारंज्याशी नेलं आणि डोकं पाण्यात दाबून धरलं. ओठ निळे झाल्यावर सोडलं, आणि पाठीवर थाप मारून कोरडा टॉवेल दिला.

मी इथल्या एका हाउसचा उमेदवार झालोय. पोरांची मंडळं असतात ना, आपापल्या खांबांच्या बंगल्यात राहणारी, त्यांतलं एक. दर शनिवारी दुपारी तळघरात भिंतीला हात टेकून उभं राहायचं. वल्ह्यासारखी ओक लाकडाची फळी असते. मारणारा बहुतेक हॅम्प्टन डार्गन, शेवटच्या वर्षाचा. एक फटका बसला की वळायचं, त्याच्याशी हात मिळवायचा आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करायचं. गेल्या खेपेला अकरा. आठव्याला मला उलटी झाली. हॅम्प्टनने स्वतःचा रुमाल दिला, कडक इस्त्रीचा, आणि पुढचे तीन मारले.

विचारू नकोस का सहन करतो. रोलंड सहन करतो म्हणून असेल. त्याच्यासारखा चांगला पोरगा मी पाहिला नाही. हॅम्प्टनच्या बहिणीशी, मेरिलशी, त्याचं ठरल्यातच जमा आहे.

तुझा मावसभाऊ
विन्स्लो

—

मॅसॅच्युसेट्स
६ ऑक्टोबर

विन्स्लो, मूर्खा,

कॉलेज तिसरं, अक्कल तेवढीच. त्या तळघरातून बाहेर पड.

तुझं पत्र मी आमच्या मुलींच्या वसतिगृहात जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. पायजम्याला टाळ्या पडल्या, आठव्या फटक्याला कुणी हसलं नाही. इस्त्री केलेली चड्डी हा प्रकार मात्र इथल्या एकीलाही खरा वाटेना. माझ्या अंगात आत्ता जो स्वेटर आहे तो कुणाचा, मला ठाऊक नाही. कोपरं गेलीयेत. दाराच्या खुंटीवर होता, घातला. माझा निळा कुणीतरी घालून बॉस्टनला गेलंय. परवा हॉकीच्या सामन्यात मी समोरच्या पोरीचा दात पाडला. मुद्दाम नाही, पण फार वाईटही वाटलं नाही. तिच्या रक्ताने माझा शर्ट भरला तर सामन्यानंतर तिनेच मला तिचा दिला. रक्त काय, शर्ट काय, आपल्याकडे त्याचं कुणी मनावर घेत नाही.

तिकडे सगळं मनावर घेतात असं दिसतंय. हसत हसत मारणारी माणसं मला आवडत नाहीत. तू कुबड काढून मार खात राहिलास तर वर्षभर खाशील. पुढच्या वेळी कुणी अंगावर आलं ना, पहिला ठोसा तू मार. जोरात. हाताला येईल त्याने मार. कोण काय म्हणतंय ते ऐकत बसू नकोस, तुझं सगळं आयुष्य ऐकण्यातच गेलंय.

आणि त्या बाईला आभाराचं पत्र पाठव.

हॅटी

—

जॉर्जियाचा किनारा
२१ ऑक्टोबर

प्रिय हॅटी,

पत्ता बदललाय हे पाकिटावरून कळलंच असेल. कोळंबीच्या होडीवर काम धरलंय. धक्क्यावर आमिष विकणाऱ्या ल्यूथर म्हाताऱ्याच्या दुकानात पत्रं घेतात. कॉलेज सुटलं. म्हणजे मीच सोडलं.

झालं असं की सोळा तारखेला फुटबॉलचा सामना होता. इथे सामन्याआधी सगळी घराणी ओकच्या झाडांखाली टेबलं मांडतात. पांढरी चादर, चांदीच्या मेणबत्तीदाण्या, तळलेली कोंबडी, बर्बन व्हिस्की. भर दुपारी मेणबत्त्या! मी उशिरा उठलो. माझी विजार मी होडीच्या दोरीने बांधायचो, ती नेमकी तुटली. रोलंड आधीच गेला होता. त्याच्या खुंटीवर एक पट्टा होता, गडद निळ्या विणकामाचा, त्यावर हिरव्या डोक्याची बदकं. घातला. तूही घातला असतास.

हॅटी, तो मेरिलने आठ महिने खपून विणला होता. एकेक टाका. आत रोलंडची आद्याक्षरं. इथे मुलगी असा पट्टा एकालाच विणून देते आणि तो घातला की सगळ्या गावाला कळतं कोण कुणाचं. रोलंड तो साखरपुड्याला घालणार होता. आणि मी तो कमरेला बांधून डार्गनांच्या टेबलावर कोंबडी मागायला गेलो.

मेरिलच्या बापाने ग्लास खाली ठेवला. हॅम्प्टन म्हणाला, “हा कुठून मिळाला?” मी काय बोलावं? “मिळाला असाच. कमरेला छान बसला.” मला वाटलं विनोद झाला.

त्याने तोंडावर मारलं. मीही मारलं. टेबल उलटलं, कुणाच्या तरी बापाच्या पायावर चांदीचा हंडा पडला, एक बाई किंचाळत होती आणि दुसरी तिला चादरीबद्दल विचारत होती. माझं नाक मोडलंय, बरगडीत दुखतं. रोलंड मध्ये पडला, त्यालाही लागलं. हॅम्प्टनचा हात बसला बहुतेक. मग मी पळालो.

तू म्हणाली होतीस तसंच केलं. इथे सकाळी पेलिकन इतके जवळ येतात की त्यांच्या चोचीतला मासा हलताना दिसतो.

विन्स्लो

—

मॅसॅच्युसेट्स
३ नोव्हेंबर

विन्स्लो,

मला मेरिल डार्गनचं पत्र आलंय. रोलंडची खोली आवरताना तुझ्या टेबलावर तिला माझं पाकीट सापडलं. आतलं पत्रही वाचलंय तिने. मी तुला काय सल्ला दिला होता ते तिला ठाऊक आहे.

‘रोलंडलाही लागलं.’ वा. त्याचा डावा डोळा गेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, मग काढूनच टाकला. आणि मेरिल लिहिते की तो हॅम्प्टनचा हात नव्हता.

तिने आणखी एक लिहिलंय, ते तुला माहीत आहे की नाही, मला कळत नाही. हॅम्प्टनने तुला पहिला ठोसा मारल्यावर रोलंड धावत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “मीच दिला त्याला पट्टा. मीच म्हटलं घाल म्हणून.” बापासमोर, भावासमोर, सगळ्या गावासमोर. त्या लोकांत याचा अर्थ काय होतो ते तूच मला शिकवलंस. मुलीने विणलेलं त्याने दुसऱ्याला वापरायला दिलं, म्हणजे तिला झिडकारलं. तुला वाचवायला त्याने हे स्वतःवर घेतलं. तिच्या बापाने त्याच दिवशी लग्न मोडलं. मेरिलचा विश्वास नाही बसला, पण तिला विचारतंय कोण?

मी गेले चार दिवस मैदानावर गेलेले नाही. काठी पलंगाखाली ढकलून दिलीये.

खरं काय ते लिही. विनोद नकोत, पेलिकन नकोत.

हॅ.

—

कोळंबीचा धक्का
१२ नोव्हेंबर

हॅटी,

ठीक आहे.

हॅम्प्टनने मारलं तेव्हा मी खाली पडलो. उठलो तर तोंडात रक्त होतं आणि कानात नुसतं गुंऽऽ. रोलंड काय म्हणाला ते मी ऐकलं नाही. शप्पथ. आत्ता तुझ्याकडूनच कळलं. समोर हॅम्प्टन आणि आणखी दोघं कोट काढत होते. इथे मारण्याआधी कोट काढतात, घडी घालतात, खुर्चीच्या पाठीवर ठेवतात. त्या वेळात माझ्या हाताला मेणबत्तीदाणी आली. जड होती. मला आनंद झाला, हॅटी. तळघरातले सगळे फटके एकदम आठवले आणि वाटलं, आज देतो परत.

मागून कुणीतरी खांदा धरला. मी बघितलं नाही. वळता वळताच मारली, दोन्ही हातांनी, तू काठी फिरवतेस तशी. लागली तो आवाज ओला होता. मेणबत्तीदाणीला खिळ्यासारखी लोखंडी टोकं असतात ना वर, मेणबत्ती खोचायची, ते टोक.

तो पडला नाही. उभाच राहिला. तोंडावर हात धरला, बोटांतून खाली सगळं यायला लागलं, आणि म्हणाला, “विन, चल, चल इथून.” मला ओढून न्यायला आला होता तो. एवढं झाल्यावरही तेच म्हणत होता.

आणि मी गेलो. एकटाच.

मी हे तुला आधी लिहिलं नाही कारण लिहिलं असतं तर ते झालं असतं. कळतंय का? होडीवर दिवसभर जाळी ओढतो, कोळंबीची मुंडकी मोडतो, तासाला शेकड्याने. बोटांनी दाबलं की सुटतात. परवा मध्येच थांबलो आणि ल्यूथरच्या बादलीत ओकलो. तो म्हणाला, “साहेब, तुम्ही या कामाचे नाही.” त्याला वाटतं मला वासाचा त्रास होतो.

इथे असलं कुणी पोलिसांकडे नेत नाही. घरची माणसं बघून घेतात. हॅम्प्टन मला शोधतोय, ते मला कळलंय. त्याची भीती वाटत नाही म्हणालो तर खोटं होईल, पण ती भीती त्यातल्या त्यात बरी आहे. रोलंडच्या समोर उभं राहायचं, त्या चेहऱ्याकडे बघायचं, ते जमणार नाही. त्याला सहा पत्रं लिहिली आणि सहाही पाण्यात टाकली. ‘प्रिय रोलंड’च्या पुढे जात नाही.

तेवीस तारखेला मेक्सिकोकडे जाणारी एक होडी आहे. त्यांना माणूस हवाय.

विन्स्लो

—

मॅसॅच्युसेट्स
१९ नोव्हेंबर

विन्स्लो,

काल हॅम्प्टन डार्गन इथे आला होता. दोन दिवस गाडी हाकत. बो टाय, पांढरे बूट नाहीत कारण हिवाळा सुरू झालाय, पण विजार अशी कडक की पोरींना वाटलं कुणी धर्मोपदेशक आला. खाली बैठकीत मी गेले, कोपरं फाटलेल्या स्वेटरात. तो उभा राहिला आणि मी बसेपर्यंत बसला नाही. मला ‘बाईसाहेब’ म्हणत होता. आवाज एकदाही चढवला नाही. उजव्या हाताच्या बोटांची पेरं सोललेली होती, कुणाला मारून आला होता देव जाणे. गाडीत मागच्या सीटवर ती फळी मला खिडकीतून दिसली.

म्हणाला, “बाईसाहेब, तुमच्या भावाचा पत्ता हवाय.”

मी दिला.

भीतीने दिला असता तर बरं झालं असतं. नाही भ्यायले. तुझं पत्र माझ्या खिशात होतं, मेक्सिकोचं. मेनमधून पळालास तेव्हा मी हसले, कॅलिफोर्नियातून पळालास तेव्हाही हसले. या वेळी तू गेलास तर मी ठोसा मार म्हणाले ते, आणि तू मारलंस ते, दोन्ही तसंच उघड्यावर पडून राहील आणि तो पोरगा एका डोळ्याने आयुष्यभर त्याच्याकडे बघत राहील.

हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतेय. त्याच्या आधी पोहोचेल. पळायचं तर पळ, मी कुणाला सांगणार नाही. पण हॅम्प्टन मारून जाईल, तेवढंच करेल तो. रोलंडकडे तुला स्वतः जावं लागेल.

मला माफ करू नकोस इतक्यात.

हॅटी

—

कोळंबीचा धक्का
शुक्रवार, २६ नोव्हेंबर

हॅटी,

अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताने लिहितोय.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मेक्सिकोची होडी मंगळवारी पहाटे सुटली. मी धक्क्यावर बसून तिचे दिवे जाताना पाहिले. आठ वाजता हॅम्प्टन आला. एकटाच. कोट काढला, उलटा करून घडी घातली, खांबावर ठेवला. म्हणाला, “तू पळाला असशील असं मला वाटलं होतं.” मी म्हटलं, “मलाही.”

मग त्याने मारलं. मी हात उचलला नाही. पहिले पाठीवर, नंतर मी पडल्यावर जिथे लागेल तिथे. दोन बरगड्या गेल्या. उजवा हात मी डोक्यावर धरला होता, तिथे फळी बसली, तीन बोटं मोडली. त्यातला एक आवाज तर मी ओळखलासुद्धा, रोलंडला लागली तेव्हाचा, ओला. ल्यूथर दुकानाच्या दारात बंदूक घेऊन उभा होता. मी ओरडलो, “ल्यूथरबाबा, आत जा.” मध्येच हॅम्प्टन रडायला लागला. रडत रडत मारत होता, नाकातून पाणी गळत होतं त्याच्या, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, “माझ्या बहिणीने आठ महिने... आठ महिने...” दमल्यावर थांबला. कपडे झटकले. हात पुढे केला. उजवा उचलेना म्हणून मी डावा दिला. “आपलं मिटलं,” म्हणाला, आणि गेला.

त्याच्या बाजूने मिटलं असेल. मला वाटलं होतं एवढा मार खाल्ल्यावर काहीतरी हलकं होईल. नाही झालं. दोन दिवस ल्यूथरच्या दुकानामागे खाटेवर पडून होतो. काल थँक्सगिव्हिंगचा सण होता. त्याच्या बायकोने टर्की भरवली मला, लहान पोराला भरवतात तशी. ती म्हणाली, “कुणाचं काय केलंस रे बाबा?” मी सांगितलं. सगळं. पहिल्यांदाच तोंडाने. ती घास भरवत राहिली.

आणि रात्रभर विचार करून ठरवलं की सोमवारच्या बसने टिस्डेलांच्या गावी जायचं. दार त्याच्या आईने उघडलं तर? काय म्हणायचं ते मी पाठ करतोय. तुला म्हणून दाखवणार होतो इथे. पहिलं वाक्य असं आहे की

थांब. गाडी आली धक्क्यावर.

हॅम्प्टनची नाही. हिरवी आहे. दुकानाच्या कोपऱ्याला घासत आली, डावा आरसा तुटून तारेवर लोंबकळतोय. त्याच बाजूला दारापासून मागच्या चाकापर्यंत सगळं चेपलंय. जुनंही आहे आणि नवंही.

हॅटी, रोलंड आहे. एकटाच आलाय, पत्ता हॅम्प्टननेच दिला असणार. तीनशे मैल असा चालवत आला.

उतरला. पांढरी पट्टी आहे डोळ्यावर. गाडीला हात लावून उभा राहिलाय आणि होड्यांकडे बघत मला शोधतोय. मी खाटेवर, उघड्या दारात, त्याच्यापासून दहा पावलांवर आहे. पण डावीकडे. त्याला मी दिसत नाहीये. मी आवाज केला नाही तर दिसणारही नाही.

पेन ठेवतो. हाक मारतो त्याला.